न चाखलेलं सार

सुधींद्राचार्यांना लोक रडत रडत नमस्कार करायचे आणि दुसऱ्या दिवशी बाजारात दिसले की तोंड चुकवायचे. यात लोकांचा तरी काय दोष? काल ज्याचे पाय धुतले, ज्याला ‘अप्पा, या, बसा’ म्हटलं, तोच माणूस आज टी. नगरच्या फुटपाथवर भेंडीचं टोक मोडून बघताना दिसला, तर बिचाऱ्या यजमानानं करावं काय? ‘काय आचार्य, बरं आहे ना?’ असं विचारायला जीभ रेटत नाही, कारण कालच्या रडण्याची लाज वाटते. न विचारावं तर अपमान. मग माणूस मोबाईल कानाला लावतो आणि पलीकडच्या गल्लीत वळतो. आचार्यांना हे सारं पाठ झालं होतं. हल्ली समोरून ओळखीचं कुणी येताना दिसलं की तेच आधी गल्ली बदलत.

त्यांचं काम होतं श्राद्धाला पितरांच्या जागी बसण्याचं. चेन्नईत याला ब्राह्मणार्थ म्हणतात. गेलेल्या वडिलांना मंत्र म्हणून बोलावलं खरं, पण ते बसणार कुठे आणि जेवणार कोणत्या तोंडानं? त्यासाठी जिवंत माणूस लागतो. आचार्यांनी उत्तरेकडे तोंड करून पाटावर बसायचं, गेलेल्या माणसाच्या नावानं जेवायचं, शेवटी ‘तृप्त झालात का’ असं संस्कृतात विचारलं की ‘तृप्त झालो’ असं संस्कृतात सांगायचं आणि उठायचं. मंत्र सांगणारे पुरोहित वेगळे. त्यांना मुंजीला बोलावतात, लग्नाला बोलावतात, नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवायलाही बोलावतात. आचार्यांना मंगल कार्याला कुणी बोलावत नसे. बारशाच्या पंगतीत कुणाचा तरी मेलेला बाप येऊन बसलेला कुणाला आवडेल? इतकंच काय, ‘या हो एकदा घरी, साधं जेवायला’ असंही त्यांना उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

घरी मात्र त्यांची बायको कावेरीबाई त्यांना सोडत नसे. दुपारी ते दारात आले की विचारायची, “आज कोणाचे अप्पा होऊन आलांत?” आचार्य सांगायचे, “आज बँकेत मॅनेजर होतो.” “बरं झालं. काल रिटायर्ड तहसीलदार होता, घरात उगीच हुकूम सोडत होता,” म्हणत ती चटई अंथरायची.

त्या चटईवर आचार्यांना जी झोप लागे ती त्यांची स्वतःची नसे. उडदाचे वडे, खीर, तिळाचे लाडू पोटात, बाहेर वेस्ट मांबळमच्या त्यांच्या गल्लीतलं ऊन, वर पंख्याची घरघर. डोळे मिटले की त्यांना कधी न पाहिलेल्या जागा दिसत. एक लाकडी जिना, त्याला कुणीतरी हिरवा रंग देत असायचं. नदीकाठी धुणं वाळत घातलेलं, त्यातून पळणारी दोन पोरं. कुणाचीतरी सायकल, तिच्या घंटीचा खटका त्यांच्या अंगठ्याला ओळखीचा वाटायचा, आणि आचार्य तर जन्मात सायकल शिकले नव्हते. जाग आली की सगळं विरून जाई आणि जिभेवर तिळाची चव राही. ही स्वप्नं कुठून येतात हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. जे माहीत नाही ते ‘खोटं’ म्हणायची घाई त्यांना नव्हती आणि ‘खरं’ म्हणण्याचं धाडसही नव्हतं.

वैशाखात, कत्तिरीचं ऊन म्हणजे चेन्नईचा सगळ्यात कडक उन्हाळा चालू असताना, गिरीधररावांची तिथी येई. गिरीधरराव रेल्वेच्या कचेरीत होते, तंजावरचे मराठी, जाऊन वीसेक वर्षं झालेली. मागे बायको अन्नपूर्णाबाई, मुलगा हेरंब आणि मुलगी हरिणी. श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी ब्राह्मणाला घरी जाऊन आमंत्रण द्यायची रीत आहे. दरवर्षी हेरंब यायचा, दारातूनच हात जोडून जायचा. यंदा त्याच्या बँकेत ऑडिट होतं म्हणून हरिणी आली. गिंडीच्या ऑफिसातून सुटून ती थेट आली होती. गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं आणि पायऱ्या चढून दम लागला होता.

“मामा, उद्या यायचं,” ती म्हणाली. मग बसली. हेरंब कधी बसत नसे, म्हणून आचार्यांना जरा नवल वाटलं. “आणि एक सांगायचं होतं. हे लास्ट. म्हणजे घरी लास्ट. अम्माचे गुडघे आणि हार्ट, दोन्ही गेलेत. डॉक्टरनं स्टोव्हसमोर उभं राहू नका म्हणून सांगितलंय. पुढच्या वर्षापासून मठाच्या हॉलमध्ये, तिथल्या स्वयंपाक्याकडून. अम्मा उद्या शेवटचं करते आहे.”

“करू दे की,” आचार्य म्हणाले. “त्यांच्या हाताला पुण्य आहे.”

हरिणीनं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. “मामा, पहिल्या वर्षी तुम्ही जेवताना बोललां होतांत. आठवतं?”

आचार्यांची कानशिलं तापली. आठवतं म्हणजे? उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून धंद्यातली तेवढी एकच चूक झाली होती. पितरांच्या जागी बसलेल्यानं जेवताना मौन पाळायचं असतं. अन्न चांगलं की वाईट हे तर तोंडातून काढायचंच नाही. हवं-नको ते हातानं खुणावायचं. त्या वर्षी ते गिरीधररावांकडे नवीन होते, आदल्या रात्रीचा उपास होता, भूक लागली होती, धुरानं डोळे चुरचुरत होते. मिऱ्यांचं सार द्रोणातून ओठाला लावलं आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, “मीठ कमी पडलं.” स्वयंपाकघरात कसलंतरी भांडं आपटल्याचा आवाज आला. मंत्र सांगणारे वेंकटाचार्य असे बघत राहिले, की आचार्यांना पाटासकट जमिनीत जावंसं वाटलं. हे घर सुटलं असं समजून ते परतले होते. पण पुढच्या वर्षी हेरंब आमंत्रणाला हजर. तेव्हापासून ते या कुटुंबाचं मन मोठं आहे असं धरून चालले होते.

“चूक झाली होती पोरी माझी,” ते म्हणाले.

“चूक?” हरिणी म्हणाली. “मामा, तेच अप्पा रोज म्हणायचे. हेच वर्ड्स. मीठ कमी पडलं. त्यांना प्रेशर होतं, डॉक्टरनं मीठ बंद करा म्हणून सांगितलेलं. अम्मानं हात आखडला. रोज भांडण. शेवटच्या दिवशी सार ओठाला लावून ताट तसंच सारून गेले. दुपारी ऑफिसातून फोन आला.” ती थांबली. मराठी शब्द सापडत नव्हता की आवाज, कळायला मार्ग नव्हता. “अम्माला वाटतं, ती त्यांना उपाशी पाठवली. पहिल्या श्राद्धाला तुम्ही ते बोललांत तेव्हा तिनं मला आत घट्ट धरलं. ‘आले,’ म्हणाली. ‘आले, पण राग गेला नाही.’ तेव्हापासून ती दरवर्षी दाराआड उभी राहते. तुम्ही कधीतरी बोलाल म्हणून. तुम्ही परत कधी बोललांतच नाही.”

आचार्यांना ते दार आठवलं. दरवर्षी त्याच्या फटीत सुती लुगड्याचा एक काठ दिसायचा. तिथं कुणीतरी वाढण्यावर लक्ष ठेवून उभं आहे, एवढंच त्यांनी मानलं होतं.

“आणि सार दरवर्षी अळणीच असतं,” ते हळूच म्हणाले.

“असणारच. श्राद्धाचं चाखायचं नाही ना आधी. अंदाजानं घालते. आणि हात अजून तसाच आखडतो.” हरिणी पुढे सरकली. “मामा, उद्या फक्त एवढंच बोला. मीठ बरोबर आहे. फिनिश. तिला शांती मिळेल.”

“तृप्त झालो म्हणून मी दरवर्षी सांगतोच की.”

“ते संस्कृतात. ते सगळेच म्हणतात. तो फॉर्म्युला झाला.”

आचार्य संतापले. त्यांना संताप क्वचित येई, त्यामुळे तो कसा करायचा याचा सराव नव्हता. ते उभे राहिले, परत बसले. “मी रंगमंचावर नाटक करणारा नट आहे काय? मी तिथं जाऊन बसतो, माझं तोंड मी त्यांना देतो. देतो ते देतो, त्यात आपली अक्कल घालत नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या मनाचं वाक्य घालायचं म्हणजे काय खेळ आहे? उद्या कुणी म्हणेल, घर माझ्या नावावर करायला सांगा. मी बोलणार नाही.”

हरिणी डोळे पुसून गेली. कावेरीबाई आत ताक घुसळत सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “पोर रडत गेली की हो.”

“मी पाट आहे, कावेरी. पाट बोलत नसतो.”

“सेरी,” कावेरीबाई म्हणाली. सेरी म्हणजे बरं, पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ बहुधा उलटा असे. “मग त्या वर्षी कोण बोललां?”

आचार्य उठून चटईवर आडवे झाले. त्या रात्रीही उपास होता, त्यामुळे भांडायला ताकद नव्हती. आणि मिठाचं म्हणाल तर गेल्या दिवाळीपासून प्रेशर त्यांनाही लागलं होतं. कावेरीबाईही आता भाजीत मीठ दाखवल्यासारखं करून बरणी बंद करायची, आणि तेही रोज कुरकुर करायचे. अंधारात पडल्या पडल्या त्यांना गिरीधररावांची पहिल्यांदाच कीव आली. इतकी वर्षं ते त्या माणसाच्या जागी जेवत होते, पण त्याच्या बाजूनं त्यांनी कधी विचार केला नव्हता.

सकाळी गिरीधररावांच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा होमाचा धूर माजघरभर झाला होता. पंखा बंद. हेरंबानं पाय धुतले, तीळ टाकले, दर्भ हातात दिला, आणि ‘आमच्या वडिलांच्या जागी आपण बसावं’ अशा अर्थाचं वेंकटाचार्य सांगतील तसं म्हटलं. “बसतो,” आचार्य म्हणाले. हा शब्द उच्चारला की त्यांच्या आत नेहमी काहीतरी बाजूला सरकत असे. बसमध्ये आपण सरकून दुसऱ्याला जागा देतो ना, तेवढंच. आज मात्र ते सरकेना. आज तिथं सुधींद्र नावाचा एक प्रेशरवाला म्हातारा ठाण मांडून बसला होता आणि त्याचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं.

फटीत लुगड्याचा काठ होता.

केळीच्या पानावर एकेक पदार्थ आला. हेरंबाची बायको मुलीच्या बाळंतपणाला सिंगापूरला गेली होती, म्हणून वाढायला हरिणी होती. ओलेत्यानं, केसाला गाठ मारून. ती आचार्यांकडे बघत नव्हती. भात, कच्च्या केळ्याची भाजी, वडे, आल्याचं लोणचं. धुरामुळे सगळं जरा लांब वाटत होतं. वेंकटाचार्यांचे मंत्र पलीकडच्या खोलीतून यावेत तसे येत होते. मग सार घेऊन हरिणी पुढे झाली, तशी आतून आवाज आला, “दे. मी वाढत्ये.”

अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांत आचार्यांनी त्यांना पुरतं कधी पाहिलं नव्हतं. त्या लहानशा होत्या आणि पाय ओढत चालत होत्या. त्यांनी द्रोणात सार ओतलं आणि मागे सरकल्या नाहीत. भिंतीला धरून तिथंच उभ्या राहिल्या. श्राद्धात असं कुणी उभं राहत नाही. वेंकटाचार्यांनी एकदा मान वर केली आणि मंत्र पुढे चालू ठेवले.

आचार्यांनी द्रोण ओठाला लावला.

खारट! कमी नव्हे, बरोबर नव्हे, मरीनाच्या समुद्रात पाय घसरून पडावं आणि तोंड उघडं असावं, तसं खारट. घसा आवळला, डोळ्यांत पाणी आलं. काय झालं ते त्यांना कळेना. त्यांनी पापण्यांआडून हरिणीकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल लागायचा असावा, तशा आशेनं ती बघत होती. भिंतीशी त्या म्हातारीनं पदर दातांत धरला होता.

द्रोण खाली ठेवला असता तरी चाललं असतं. नियम काय, हवं तेवढं खावं. पण ताट सारून उठलेला माणूस या घरात एकदा होऊन गेला होता. आचार्यांच्या डोक्यात मंत्र नव्हता, शास्त्र नव्हतं. काल ज्या गोष्टीवरून एवढे संतापले तिचीही आठवण नव्हती. त्यांना फक्त तो दातांत धरलेला पदर दिसत होता. त्यांनी द्रोण उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग उजवा हात पुढे करून, मौन न मोडता, बोटांनी खुणावलं. आणखी.

अन्नपूर्णाबाईंनी वाढलं. ते प्यायले. पुन्हा हात केला.

अन्नपूर्णाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. “मागून घेताहेत,” त्या हरिणीला म्हणाल्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “बघितलीस ना? मागून घेताहेत.” हेरंब, बँकेतला गंभीर माणूस, दर्भाची अंगठी घातलेल्या हातानं डोळे चोळायला लागला. पुढे संस्कृतात प्रश्न झाला, संस्कृतात उत्तर झालं. आचार्यांचा आवाज घोगरा निघाला, आणि सगळ्यांना वाटलं, की भावना दाटून आली.

वेंकटाचार्यांना दुसरं श्राद्ध होतं, ते गडबडीनं गेले. आचार्य निघाले आणि ओसरीवरच बसले. डोकं गरगरत होतं. बाहेर रस्ता उन्हात पांढरा पडला होता, एक रिक्षा झाडाखाली झोपली होती. मागच्या खिडकीतून स्वयंपाकघरातले आवाज येत होते, पानं मांडल्याचे, पाट सरकवल्याचे. आता घरची माणसं उरलेलं अन्न प्रसाद म्हणून खाणार. म्हणजे ते सारही खाणार, हे आचार्यांच्या लक्षात आलं, आणि उठून पळून जावं असं वाटलं. पण श्राद्धाच्या जेवणाची सुस्ती चढली होती. डोळे मिटले.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पँट-शर्टातला माणूस, पायात काळे बूट. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता, सावकाश, घरी आलेला माणूस सोडतो तशा. आचार्यांनी त्याला ओळखलं नाही आणि ओळखलंही. “लवकर आलांत आज,” ते म्हणाले. “होय की,” माणूस म्हणाला. त्यानं एक बूट काढला, आत हात घालून खडा बाहेर टाकला, जिभेनं टाळा चाटला आणि तोंड वाकडं केलं. “मीठ फार पडलां आज.” “तुम्हीच सांगा जाऊन,” आचार्य म्हणाले. “अय्यो, मी नाही,” माणूस म्हणाला आणि हसू लागला. हसता हसता त्याचे खांदे हलत होते, त्या हलण्यानं ओसरी हलत होती, झाडाखालची रिक्षा हलत होती.

“अम्मा!” आतून हरिणीचा आवाज आला, आणि आचार्य जागे झाले. शेजारी कुणी नव्हतं.

“अम्मा, थुंकून टाक. टाक! मी घातलं होतं. तू होमाची तयारी बघायला गेलीस तेव्हा. दरवर्षी कमी पडतं म्हणून मी एक मूठ—”

“तू पण?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. मग पाट मागे सरकल्याचा आवाज आला. “मी म्हटलं, शेवटचं आहे. आता कसला डॉक्टर. यंदा हात आवरायचा नाही. मीही घातलां. भरपूर.”

मग पाय ओढत येण्याचा आवाज. आचार्य सावरून बसले. आता गेलेल्या नवऱ्याच्या नावानं ही बाई आपल्याला काय विचारणार आणि आपण काय सांगणार, या विचारानं त्यांच्या घशाला आणखी कोरड पडली.

अन्नपूर्णाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो पुढे केला. “प्या. सगळां प्या.”

ते प्यायले. त्या दाराची चौकट धरून बघत राहिल्या, आणि आचार्यांना जाणवलं, की या बाईची नजर आज त्यांच्यातून आरपार जात नाही, त्यांच्यापाशीच थांबते आहे. त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर, उपरण्याला कावेरीनं मारलेल्या टाक्यावर.

“ते असते,” अन्नपूर्णाबाई सावकाश म्हणाल्या, “तर पहिल्या घोटाला ताट भिरकावून उठले असते. मी काय त्यांना ओळखत नाही? इतकां खारट ते दोनदा मागून घेणार नाहीत. ते तुम्ही प्यायलांत.”

आचार्यांनी मान खाली घातली. “मला क्षमा करा.”

“म्हणजे ते आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात राग नव्हता. खूप चालून आल्यावर घराला कुलूप दिसावं, तसा तो आवाज होता. काल त्यांनी शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं, की गेलेल्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणार नाही. पण हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते जसं ऐकलं तसं सांगायला हरकत कुणाची?

“आत्ता इथं माझा डोळा लागला होता,” ते म्हणाले. “स्वप्न म्हणा. काळे बूट घातलेले कुणी इथं येऊन बसले. बुटातला खडा काढला. आणि म्हणाले, मीठ फार पडलां आज. मी म्हटलं, तुम्हीच आत जाऊन सांगा. तर म्हणाले, अय्यो, मी नाही. आणि हसत बसले. खरं-खोटं मला ठाऊक नाही. दिसलं ते सांगितलं.”

अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. आधी ते रडं वाटलं, पण ते हसू होतं. गुडघे दुखत असताना, चौकटीला धरून, त्या म्हाताऱ्या बाई अशा हसल्या, की आतून हरिणी आणि हेरंब धावत बाहेर आले.

“कमी पडलां तरी बोलायचे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “जास्त झालां तरी बोलणार. अरे हेरंबा, म्हणजे तो राग नव्हताच रे. स्वभावच तो! आणि मी खुळी, वीस वर्षं…” पुढचं हसण्यात बुडालं. हरिणीनं त्यांना धरून ओसरीवर बसवलं, जिथं थोड्या वेळापूर्वी ते काळे बूट होते, जवळपास तिथंच.

हसू ओसरल्यावर त्यांनी आचार्यांकडे वळून पाहिलं. “तुमच्या घरी कोण कोण असतात?”

असा प्रश्न यजमानांकडून त्यांना कधी आला नव्हता. “मी आणि कावेरी,” ते म्हणाले. “मुलगा कोईमतूरला असतो. फोन करतो.”

“आणि प्रेशर?”

“आहे. थोडं.”

“आणि तरी प्यायलांत. शहाणेच आहांत.” त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “बघा सुधींद्राचार्य, पुढल्या वर्षी हे लोक हॉलमध्ये करतील. तिथं काय बसायचां ते बसा, काय म्हणायचां ते म्हणा, ते तुमचं काम. पण त्याआधी एकदा इथं या. कावेरीबाईंना घेऊन या. श्राद्ध नाही, सण नाही. नुसता भात आणि सार. एवढं माझ्यानं उभं राहवेल.”

आचार्यांनी मान हलवली. ‘येतो’ म्हणायचं होतं, पण घसा साथ देईना. आणि या वेळी दोष मिठाचा नव्हता.

“काळजी करू नका,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तुमच्यासाठी करायचां म्हणजे मला चाखून बघता येईल.”